सिस्टेमिक म्हणजे काय हो, साहेब?

इंग्रजी विशेषणांशी माझं कधी भांडण नव्हतं. बी.कॉम.ला असताना आमचा त्यांच्याशी संबंध 'सन्ड्री' आणि 'बॅड' या दोनच शब्दांपुरता. एक डेटर्सच्या आधी लागे, दुसरं डेट्सच्या. बँकेत चिकटल्यावर 'अर्जंट' हे तिसरं आलं. हेड ऑफिसच्या प्रत्येक कागदावर ते असतं, त्यामुळे ते विशेषण आहे की लेटरहेडचाच भाग, हे मला अजून कळलेलं नाही. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर माझी वीस-बावीस वर्षं सुखात गेली. पण अलीकडे एक विशेषण आमच्या बँकेत असं काही सोकावलं आहे की त्याच्याविरुद्ध जाहीर फिर्याद केल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आरोपीचं नाव 'सिस्टेमिक'.

फिर्यादी निष्पक्षपाती नाही, हे आधीच कबूल करतो. गुन्ह्यात तो स्वतः सामील होता.

आधी आरोपीचं घराणं बघू. याचा एक थोरला भाऊ आहे, 'सिस्टिमॅटिक'. स्वभावानं सज्जन. टेबलावर पेन उजवीकडे, पिनकुशन डावीकडे, शिक्क्यावर तारीख रोज सकाळी बदलणारा. मराठीत आपण त्याला 'पद्धतशीर' म्हणतो. अर्थात मराठीत पद्धतशीर हा शब्द जपूनच ऐकावा लागतो. "सून संसार पद्धतशीर करते" ही स्तुती झाली, पण "धाकट्यानं थोरल्याला पद्धतशीर गुंडाळलं" म्हटलं की समजावं, सातबारा बदललेला आहे. इंग्रजांकडेही हेच. पोस्टाची तिकिटं जमवणारा सिस्टिमॅटिक आणि शेजारचं राज्य धुऊन नेणाराही सिस्टिमॅटिकच. मुद्दा एवढाच की, थोरला भाऊ माणसाच्या करणीबद्दल बोलतो. कोणीतरी ठरवून, क्रमानं, एकामागून एक काही करतो, तेव्हा तो हजर होतो.

धाकटा तसा नाही. व्याकरणाच्या दृष्टीनं त्याचा जन्मच थोडा आडवाटेचा. ग्रीक वळणानं 'सिस्टिम'चं विशेषण करायचं तर ते 'सिस्टिमॅटिक' असंच व्हायला हवं. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला वैद्यकशास्त्राला वेगळ्या अर्थाचा वेगळा शब्द हवा होता, म्हणून 'सिस्टिम'ला सरळ एक शेपूट जोडून 'सिस्टेमिक' तयार झाला. अर्थ साधा आहे. गळू मांडीवर आहे तोवर ते मांडीचं दुखणं. त्यातलं विष रक्तात उतरून अंगभर गेलं की ते सिस्टेमिक. म्हणजे एका अवयवाचं नव्हे, अख्ख्या देहाचं. मलम लावून भागणार नाही, हे सांगण्यासाठी डॉक्टरांनी तो शब्द केला. फार उपयोगी शब्द. मी त्याच्या जन्माविरुद्ध नाही, संगतीविरुद्ध आहे.

मधल्या मधे आम्हा कॉमर्सवाल्यांनी एक घोळ करून ठेवला आहे तोही सांगून टाकतो. अर्थशास्त्रात 'सिस्टिमॅटिक रिस्क' नावाची एक चीज आहे. दहा कंपन्यांचे शेअर घेतले तरी जी टळत नाही, सगळ्या बाजाराबरोबर जी येतेच, ती. म्हणजे अर्थ धाकट्याचा आणि नाव थोरल्याचं. १९६४ साली विल्यम शार्प यांनी त्यावर गाजलेला लेख लिहिला, १९९० साली त्यांना नोबेल मिळालं, तेव्हा आता नाव बदला असं त्यांना कोण सांगणार? मग एक बँक बुडाली की तिच्या धक्क्यानं दुसरी, दुसरीच्या धक्क्यानं तिसरी, अशी जी पत्त्यांच्या बंगल्यासारखी पडझड होते, तिला 'सिस्टेमिक रिस्क' म्हणू लागले. २००८ च्या सप्टेंबरात अमेरिकेत लेहमन ब्रदर्स कोसळली आणि हा शब्द रातोरात जगभर झाला. आपल्या रिझर्व्ह बँकेनं २०१४ साली नियमच केले आणि २०१५ साली स्टेट बँक व आयसीआयसीआय, २०१७ साली एचडीएफसी अशा बँकांना 'सिस्टेमिकली इम्पॉर्टंट' ठरवलं. म्हणजे यांना बुडायची परवानगी नाही. आमची बँक त्या यादीत नाही. आम्ही बुडालो तर अर्थव्यवस्थेला धक्का बसणार नाही, फक्त कँटीनवाल्याची उधारी बुडेल.

इतका भारदस्त शब्द आमच्या शाखेत आला तो पायऱ्या उतरतच आला. रिझर्व्ह बँकेकडून हेड ऑफिस, तिथून झोनल, झोनलकडून आमचे मॅनेजर. त्यांनी तो पहिल्यांदा सोमवारच्या मीटिंगमध्ये वापरला. "आपल्याला सगळं काम सिस्टेमिक करायला हवं." त्यांना थोरला भाऊ अभिप्रेत होता, बोलावला गेला धाकटा. मूळ अर्थानं त्या वाक्याचा अनुवाद 'आपल्या कामाचं विष अंगभर भिनायला हवं' असा होतो. मी गप्प बसलो, कारण ते भिनलेलंच होतं.

अशा चुकांवर मी रागावत नाही. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल, हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल यांत भल्याभल्यांची गल्लत होते. राग आहे तो चुकीच्या वापरावर नव्हे, सोयीच्या वापरावर.

लहानपणी आमच्या घरी कपबशीचा आवाज झाला की आजी माजघरातून विचारायची, "फुटली की फोडलीस?" तीन शब्दांत अख्खं न्यायशास्त्र. आपली मराठी या बाबतीत फार दयाळू आहे. तिच्यात कप फुटतो, दूध उतू जातं, किल्ली हरवते, फॉर्म भरायचा राहून जातो. कर्त्यानं कुठे तोंड दाखवायची गरजच नाही. इंग्रजीला ही सोय कमी पडत होती बहुधा, म्हणून त्यांनी 'सिस्टेमिक' शब्द हाताशी धरला. आजीच्या प्रश्नाला आता तिसरं उत्तर तयार आहे: "फुटलीही नाही, फोडलीही नाही. इश्यू सिस्टेमिक आहे."

आता माझा गुन्हा.

आमच्या गावात एक निवृत्त कृषी सहायक आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. काउंटरच्या पलीकडे बसलेल्या प्रत्येकाला ते साहेब म्हणतात, शिपायालासुद्धा. २०२३ सालच्या एप्रिलमध्ये त्यांनी फॉर्म १५-एच आणून दिला. ज्येष्ठ नागरिकाला जर कर लागतच नसेल तर 'माझ्या ठेवीच्या व्याजातून टीडीएस कापू नका' असं सांगणारा तो फॉर्म. मी घेतला, शिक्का मारला, पोच दिली. पोच देण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. पुढल्या वर्षी जूनमध्ये अण्णांच्या हातात टीडीएसचं सर्टिफिकेट पडलं. व्याज बासष्ट हजार, कापलेले सहा हजार दोनशे. अण्णांनी लेखी तक्रार दिली, पोचेच्या झेरॉक्ससकट. मॅनेजर मला म्हणाले, "काहीतरी इंग्रजीत लिहून टाका." मी लिहिलं. 'ड्यू टु अ सिस्टेमिक इश्यू' फॉर्मची नोंद होऊ शकली नाही, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. सही साहेबांची, गद्य माझं. खरं सांगतो, लिहिताना मला हलकं वाटलं. घाटातला ट्रॅफिक सुटावा तसं वाटलं.

आठवड्यानं अण्णा ते पत्र घेऊन काउंटरवर. चष्मा कपाळावर, बोट त्या शब्दावर.

"साहेब, सिस्टेमिक म्हणजे काय हो?"

मी म्हटलं, "म्हणजे... कोणा एकाची चूक नाही असं."

"असं होय? आमच्यात वेगळं असतं." अण्णा बाकावर बसले. "आमच्यात औषधं कशी? काही स्पर्शजन्य, किडीच्या अंगावर पडलं तर मरते. काही पोटविष, पान खाल्लं तर मरते. आणि काही सिस्टेमिक. आंतरप्रवाही म्हणतो आम्ही. रोगर घ्या तुमचं. पानावर मारलं, नाहीतर काही औषधं मुळाशी घातली, की झाडाच्या रसात उतरतं. मावा, तुडतुडे रस शोषतात, तिथं त्यांना गाठतं. पण साहेब, कुठून शिरलं, कुठून कुठं गेलं, हे आम्हाला सांगता यायचं. ते सांगता आलं नसतं तर शेतकऱ्यानं बांधावर उभं केलं नसतं. तर तुमच्याकडे हे कुठून शिरलं?"

माझ्यामागे रांगेत सात माणसं होती आणि पासबुकाचं मशीन नेहमीप्रमाणे कागद चावत होतं. मी म्हटलं, "चौकशी करून सांगतो." हेही एक आंतरप्रवाही औषधच. गिऱ्हाइकाच्या मुळाशी घातलं की तो शेंड्यापर्यंत सुकतो.

पण त्या रात्री झोप येईना. टीव्हीवर मन रमेना म्हणून इंग्लंडातल्या पोस्टाच्या भानगडीबद्दल वाचत बसलो. त्या सालच्या जानेवारीत तिकडे त्यावर एक मालिका लागली होती आणि सगळा देश खवळला होता. ती हकिगत सांगितल्याशिवाय माझी फिर्याद पुरी व्हायची नाही, कारण आरोपीनं सगळ्यात मोठा हात तिथेच मारला आहे.

तिकडे गावोगावी छोट्या दुकानांतून पोस्ट चालतं. चालवणारे आपल्यासारखेच काउंटरवाले. १९९९ पासून त्यांच्याकडे 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली बसवली. संध्याकाळी हिशेब मिटवायला बसावं तर कॅश कमी! कधी शंभर पौंड, कधी हजारो. करार असा की तूट दिसली की ती पदरची भरायची. ज्यानं आयुष्यात एकदा तरी संध्याकाळी सहाला पाचशे रुपये शॉर्ट निघालेले बघितले आहेत, त्यालाच त्या वेळी पोटात काय होतं ते कळेल. हॅम्पशायरमधल्या जो हॅमिल्टन बाईंनी हेल्पलाइनला फोन केला. तिकडून सांगतील तशी बटणं दाबली, तर डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. अनेकांना हेल्पलाइनवर एकच उत्तर मिळे: असं फक्त तुमच्याकडेच होतंय. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. बहुतेक खटले पोस्टानं स्वतःच चालवले. कोणी तुरुंगात गेलं, कोणाचं घर गेलं, गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. आत्महत्याही झाल्या.

आरडाओरडा वाढला तेव्हा 'सेकंड साइट' या हिशेबतपासनिसांकडे चौकशी दिली. जुलै २०१३ मध्ये त्यांचा अंतरिम अहवाल आला. त्यात एक वाक्य होतं: होरायझनमध्ये सर्वव्यापी, म्हणजे सिस्टेमिक, दोष असल्याचा पुरावा अजूनपर्यंत मिळालेला नाही. आणि त्याच अहवालात असंही होतं की दोन दोष सापडले असून त्यांचा उपद्रव शहात्तर शाखांना झाला आहे. पोस्टाच्या साहेबांनी काय उचललं असेल? 'सिस्टेमिक दोष नाही.' 'अजूनपर्यंत' गळालं, शहात्तर गळाले, विशेषण तेवढं राहिलं. पुढची कित्येक वर्षं ते ढालीसारखं पुढे धरलं गेलं. हजारो शाखांत शहात्तर म्हणजे सिस्टेमिक कसं? सिस्टेमिक नाही, म्हणजे सिस्टिम निर्दोष. सिस्टिम निर्दोष, म्हणजे काउंटरवालाच चोर. आहे की नाही तर्कशुद्ध! त्याच महिन्यात पोस्टाच्या मुख्याधिकारी पॉला व्हेनेल्स 'बग' या शब्दाला सौम्य पर्याय शोधत होत्या. यजमानांनी दोन सुचवले, 'एक्सेप्शन' किंवा 'ॲनॉमली'. ती ई-मेल २०२४ साली चौकशीत सगळ्यांसमोर वाचली गेली. इकडे माणसं घरं विकत होती आणि तिकडे नवराबायको समानार्थी शब्द निवडत होती.

डिसेंबर २०१९ मध्ये कोर्टानं सांगितलं की दोष प्रणालीतच होते आणि त्यांच्यामुळे हिशेब चुकू शकत होते. एप्रिल २०२१ मध्ये हॅमिल्टन बाईंसह एकोणचाळीस जणांच्या शिक्षा रद्द झाल्या, आणि मे २०२४ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा एका झटक्यात पुसाव्या लागल्या.

हे वाचून मी अंथरुणात उठून बसलो. म्हणजे बघा. विलायतेत साहेब म्हणतो 'सिस्टेमिक नाही', आणि सुटतो. इकडे मी म्हणतो 'सिस्टेमिक आहे', आणि सुटतो. 'हो' म्हणा की 'नाही' म्हणा, खुर्चीवरचा प्रत्येक वेळी सुटतो, असा दुसरा शब्द कोणत्याही भाषेत दाखवा. आमच्याकडे आंब्याची आढी घालतात तेव्हा घरातलं शेंबडं पोरही विचारतं, आंबा नासका निघाला की आढीच नासली? विचारायचं ते यासाठी की आंबा नासका असेल तर तो काढायचा आणि आढी नासली असेल तर ती सगळी उपसायची. दोन्हींत हात घाण होतात. 'सिस्टेमिक' म्हणून हात धुवायचे, हा प्रकार आढीत बसत नाही.

आणि जिथे हा शब्द खरोखर हवा तिथे तो कोणी काढत नाही, याचा मला जास्त संताप येतो. गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मरतो. बातमीत शब्द असतो 'दुर्दैवी घटना'. हातानं मैला उपसण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली दहा लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली तीस लाख केली. भरपाईचा आकडा वाढवावा लागतो म्हणजे मरणं थांबलेलं नाही. तरी प्रत्येक मरण सुटं, प्रत्येक वेळी नवं दुर्दैव. कोणाला उतरवतात, कोण ठेका देतं, मास्क कुठल्या कपाटात कुलूपबंद असतो, हा सगळा रस मुळापासून शेंड्यापर्यंत दिसत असतो. तिथे मात्र सिस्टेमिक म्हणायला सगळ्यांची जीभ जड होते. आमच्या सहा हजार दोनशे रुपयांना ती लगेच वळते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी काउंटरचा खालचा खण उपसला. वरती पासबुकांची जुनी कव्हरं, त्याखाली दिवाळीची भेटकार्डं, त्याखाली रबरबँड लावलेला गठ्ठा. एप्रिल २०२३ चे १५-एच. एक्केचाळीस. वरचाच अण्णांचा.

मग सगळं आठवलं. त्या फॉर्मच्या नोंदीचा अधिकार तेव्हा आमच्याकडे एकाच ऑफिसरच्या आयडीला होता. ते डेप्युटेशनवर दुसऱ्या शाखेत गेले होते. आले की देऊ म्हणून मी गठ्ठा खणात ठेवला. ते आले, आणि आठ दिवसांत बदली होऊन गेले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. मी एकटा कॅश, पासबुक, लॉकर आणि 'केवायसी करा हो'चा कीर्तनकार. म्हणजे सिस्टेमिक होतंच की! पण तो शब्द पत्रात लिहिताना मला यातलं काहीच दाखवायचं नव्हतं. आयडी दाखवली असती तर झोनल ऑफिस दिसलं असतं, रिकामी खुर्ची दाखवली असती तर हेड ऑफिस दिसलं असतं, आणि खण दाखवला असता तर मी. तिघांवर मिळून मी एक विशेषण पांघरलं होतं.

संध्याकाळी अण्णांना फोन करून बोलावलं. खण उघडून दाखवला. आयडीचं सांगितलं, खुर्चीचं सांगितलं आणि 'गठ्ठा मी ठेवला होता' हेही सांगितलं. एकदम नाही, आधी दोनदा 'ठेवला गेला होता' असं तोंडातून गेलं. पैसे सरकारजमा झालेत, बँकेला परत देता येणार नाहीत, रिटर्न भरून मागावे लागतील, तारीख ३१ जुलै, फॉर्म मी भरून देतो, हेही सांगितलं.

अण्णा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी गठ्ठा हातात घेतला, अंगठ्याला थुंकी लावून फॉर्म मोजले.

"एक्केचाळीस. त्यातला एक मी. मग साहेब, या बाकीच्या चाळीस जणांना काय कळवलंत?"

त्यांना काहीच कळवलं नव्हतं. त्यांच्यापैकी कोणी तक्रारच केली नव्हती. काही जणांना पैसे कापले गेलेत हेही ठाऊक नसणार. एक आजी तर फॉर्मवर अंगठा उठवणाऱ्या.

मॅनेजर म्हणाले, "आपण होऊन कशाला आ बैल मला मार? पत्रं लिहिलीत तर ऑडिटला सापडेल." मी त्यांना पोस्टाची गोष्ट सांगायला लागलो, पण त्यांना झोनलचा फोन आला. शनिवार दुसरा होता, सुट्टीचा. मी आणि आमचा नवा ऑफिसर, सव्वीस वर्षांचा पोरगा, चाळीस पत्रं घेऊन बसलो. मराठीत. फॉर्म अमुक तारखेला मिळाला, नोंद करायची राहिली, इतके रुपये कापले गेले, परत मिळवायला हे करा, अडलं तर तीन नंबरच्या काउंटरवर या. पोरगा मसुदा वाचून म्हणाला, "सर, 'राहिली' नको. 'आम्ही केली नाही' लिहू या." मी म्हटलं, लिही बाबा.

सोमवारी मॅनेजरनी सह्या केल्या. चाळीसही वाचली, मग केल्या. ऑडिटमध्ये ते सापडलं. माझ्या नावावर एक मेमो आहे. खुर्ची अजून रिकामीच आहे. त्याबद्दल विचारणा केली तर वरून उत्तर आलं आहे की मनुष्यबळाची टंचाई सिस्टेमिक आहे.